आजचं मनन : दिवस मोजणारा माणूस आणि अपुरं राहिलेलं काम

आजचं वाचन : स्तोत्रसंहिता ९०



हे मोशेचं स्तोत्र. आपले दिवस मोजायला शिकव, असं तो देवाकडे मागतो आणि शेवटी, आमच्या हातांचं काम टिकव, अशी विनवणी करतो. मोशेला वचनदत्त देश नुसता लांबून बघायला मिळाला. म्हणजे त्याचंही काम त्याच्या हातून पुरं झालं नाही! हे स्तोत्र वाचलं की मला आन्टोन ब्रुकनर हा ऑस्ट्रियन संगीतकार आठवतो.

ब्रुकनर १८२४ साली आन्सफेल्डन या खेड्यात जन्मला. वडील शाळामास्तर, चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचे. १८३७ मध्ये ते वारले आणि आईने बारा वर्षांच्या आन्टोनला जवळच्या सांक्ट फ्लोरियान मठात गाणाऱ्या मुलांमध्ये ठेवलं. पुढे तो खेड्यात साहाय्यक शिक्षक झाला. पगार तुटपुंजा आणि वर शेतातली कामंही करावी लागायची. नंतर तो लिंझच्या कॅथेड्रलचा ऑर्गनिस्ट झाला. चांगली नोकरी होती, तरी १८५५ ते १८६१ अशी सहा वर्षं तो व्हिएन्नाच्या झेख्टर गुरुजींकडे, बरंचसं पत्राने, संगीताचं व्याकरण शिकत राहिला. त्या काळात स्वतःचं काही रचायचं नाही, अशी गुरूंची अट होती. त्याने ती पाळली. त्याचा पहिला मोठा मिस्सा, डी मायनरमधला, लोकांनी ऐकला तो १८६४ मध्ये. तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता.

आणि मग १८६७ मध्ये तो मनाने पार कोसळला. त्याला मोजण्याचं वेड लागलं होतं. झाडाची पानं, खिडक्या, जे दिसेल ते मोजत सुटायचा. बाट क्रॉयत्सन इथे सुमारे तीन महिने उपचार झाले. बरा झाल्यावर त्याने हाती घेतलं ते पुन्हा मिस्साचंच संगीत, या वेळी एफ मायनरमध्ये. मोजण्याची सवय मात्र सुटली नाही. रोज किती प्रार्थना केल्या, याच्याही खुणा तो कॅलेंडरमध्ये करून ठेवायचा. मला हे वाचून हसू आलं नाही. आपणही स्टेप्स मोजतो, लाइक्स मोजतो, मित्र आपल्यापुढे किती वर्षं गेले तेही मोजतो. आकडा बघून जीव घाबरा होतो.

व्हिएन्नात त्याची कसोटीच लागली. १८७७ मध्ये त्याने स्वतः तिसरी सिम्फनी सादर केली, तेव्हा ती संपेपर्यंत श्रोते उठून गेले होते. उरले थोडेच. १८८७ मध्ये ज्या संचालकावर त्याचा सगळा भरवसा होता, त्यानेच आठवी सिम्फनी नाकारली. ब्रुकनर खचला आणि मग ती पुन्हा लिहायला बसला.

या दोन धक्क्यांच्या मधल्या काळातलं आहे त्याचं 'ते देऊम', देवाच्या स्तुतीचं प्राचीन लॅटिन गीत. गायकवृंद, चार एकल गायक, वाद्यवृंद आणि ऑर्गन. १८८४ मध्ये ते पुरं झालं. व्हिएन्नाने आपल्याला इतका त्रास दिला, तरी देवाने त्यातून पार नेलं, याबद्दल त्याने ते देवाच्या चरणी वाहिलं. निकाल अजून लागायचा होता, तरी स्तुती लिहून झाली होती!

शेवटची, नववी सिम्फनीही त्याने देवालाच अर्पण केली. १८९४ पर्यंत तीन भाग झाले. चौथ्यासाठी तो आजारपणातही झगडत राहिला, पण ११ ऑक्टोबर १८९६ ला त्याचे दिवस संपले. त्याआधी त्याने सुचवून ठेवलं होतं की चौथा भाग झाला नाही, तर त्या जागी 'ते देऊम' गावं. खरं तर सूर नीट जुळत नाहीत. सिम्फनी डी मायनरमध्ये, 'ते देऊम' सी मेजरमध्ये. तरी १९०३ मध्ये व्हिएन्नात नववी पहिल्यांदा वाजली, तेव्हा तिच्यामागून 'ते देऊम'च गायलं गेलं. सांक्ट फ्लोरियानच्या ज्या मठात आई त्याला सोडून गेली होती, तिथेच, मोठ्या ऑर्गनच्या खाली, त्याला पुरलं आहे.

मित्रांनो, मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं. दिवस आपण मोजू, पण ते पुरवणं आपल्या हातात नाही. डिग्री, करिअर, घर, सेवा, काही ना काही अर्धं राहणारच. त्या मोकळ्या जागेत ठेवायला आपल्याकडे आधीच केलेली स्तुती आहे का? सगळं मनासारखं झाल्यावर आभार मानू म्हणून थांबलो, तर ती जागा रिकामीच राहील.

आज एक करून बघा. जे काम अडलंय त्याचं नाव कागदावर लिहा आणि त्याच्याखाली देवाचे आभार मानणारी एक ओळ लिहा. ती चपखल बसली नाही तरी चालेल.

प्रार्थना : हे प्रभू, आमचे दिवस तुझ्या हाती आहेत. आमचं अर्धवट कामही तू पदरात घे. ते पुरं होण्याआधीच तुझी स्तुती करायला आम्हांला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.