नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७)

ठाण्यात जन्मलेले लोखंडे रेल्वे व टपाल खात्यांतील नोकऱ्यांनंतर मुंबईच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. १८८१ च्या कारखाना कायद्याने मुलांच्या कामाचे तास ठरवले, धोक्याच्या यंत्रांना कठडे सांगितले. जखमी कामगाराच्या पोटापाण्याविषयी मात्र तो मुकाच होता. १८८४ मध्ये लोखंडे यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगाकडे दिले. त्यातील साप्ताहिक सुट्टीची मागणी सर्वपरिचित आहे. १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्यही केली. अभ्यासकाने थांबावे ते दुसऱ्या एका मागणीपाशी: कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन, आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद. अपघात हे कामगाराचे दैव, ही समजूतच येथे नाकारली गेली. भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला. लोखंडे १८९७ मध्येच, प्लेगग्रस्तांची सेवा करताना, त्या साथीत निवर्तले होते.