जॉर्ज स्ट्रायसिंगर : झेब्राफिशला प्रयोगशाळेत आणणारा माणूस

मत्स्यालयाच्या दुकानात तुम्ही झेब्राफिश नक्की पाहिला असेल. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळ्या आडव्या पट्ट्या, एका जागी स्थिर म्हणून राहणार नाही. हा मूळचा आपल्याकडचाच, गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत मेंदू कसा घडतो हे शिकायला हाच मासा वापरतात. त्याला तिथे नेणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

जॉर्ज स्ट्रायसिंगर यांचा जन्म १९२७ साली बुडापेस्टमध्ये, एका ज्यू कुटुंबात झाला. नाझींचं सावट युरोपवर पसरू लागलं आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस हे कुटुंब न्यूयॉर्कला आलं. नवा देश, नवी भाषा. पण मुलाला साप-बेडकांचं भारी वेड होतं आणि जीवशास्त्र शिकवणारी चांगली शाळाही मिळाली. कॉर्नेल विद्यापीठातून पदवी, मग इलिनॉय विद्यापीठात साल्वादोर लुरिया यांच्या हाताखाली पीएच.डी., पुढे कॅलिफोर्नियात मॅक्स डेलब्रुक यांच्याकडे काम. लुरिया आणि डेलब्रुक या दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, यावरून हे गुरुकुल कसं होतं ते ओळखा.

त्यांचा विषय होता जीवाणूंना मारणारे विषाणू. १९६० साली ते ओरेगॉन विद्यापीठात, युजीन या गावी आले आणि तिथे १९६६ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. तो समजायला फळ्यावर तीन शब्द लिहा बघू : कमल नयन गगन. आता दुसरं अक्षर ‘म’ पुसा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा. कलन यनग गन! एकच अक्षर गेलं, पण तिथून पुढचं सगळं वाचन बिघडलं. डीएनएची अक्षरंही पेशी तीन-तीन करूनच वाचते. एखादं अक्षर गळलं किंवा जास्तीचं घुसलं तर पुढची प्रथिनाची साखळी अशीच बदलते, हे त्यांनी विषाणूच्या एका खऱ्याखुऱ्या प्रथिनात दाखवून दिलं. उत्परिवर्तन म्हणजे काय, हा प्रश्न परीक्षेत आला की हे तीन शब्द आठवा.

इतकं नाव झाल्यावर माणूस तेच काम पुढे चालू ठेवतो. स्ट्रायसिंगर यांनी मात्र १९६० च्या दशकाच्या शेवटी विषाणू बाजूला ठेवले आणि मासे पाळायला घेतले! कारण त्यांना आता मज्जासंस्था समजून घ्यायची होती. कोणतं जनुक मेंदूचा कोणता भाग घडवतं? विषाणूला मेंदू नाही. फळमाशीला आहे, पण तिला पाठीचा कणा नाही. उंदराला दोन्ही आहेत, पण त्याचं पिल्लू आईच्या पोटात वाढतं, दिसणार कसं? झेब्राफिशची मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते, अंडी शरीराबाहेर फलित होतात आणि भ्रूण काचेसारखा पारदर्शक असतो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि मेंदू घडताना बघा. एका दिवसात मुख्य आराखडा तयार होतो, दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्यातून बाहेर.

मासे आणले कुठून? ऑल्बनी नावाच्या जवळच्या गावातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातून. ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन वाणांच्या संकरातून झालेला ‘एबी’ हा वाण आजही प्रयोगशाळांत वापरला जातो.

पण खरी अडचण पुढे होती. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. बहुतेक वेळा एक प्रत बिघडली तरी दुसरी काम सांभाळून घेते आणि दोष दिसतच नाही. तो उघड करायचा तर पिढ्यान्‌पिढ्या संकर करत बसायचं, आणि एक पिढी वाढायला तीन-चार महिने. यावर त्यांनी काढलेली युक्ती नीट वाचा, घाई नको.

नराच्या शुक्रपेशींवर अतिनील किरण सोडायचे. त्यातला डीएनए निकामी होतो, पण अंड्याला वाढ सुरू करण्याची सूचना मात्र मिळते. मग भ्रूणात फक्त आईचीच जनुकं, तीही एकेकच प्रत. लपायला जागाच नाही! असा भ्रूण काही दिवसच जगतो, पण मेंदूचा आराखडा बघायला तेवढे पुरतात. पुढची पायरी अशी की, पहिल्या पेशीविभाजनाच्या आधी अंड्यांना मोजका वेळ उष्णता द्यायची. गुणसूत्रांची नक्कल झालेली असते, पण पेशी दुभंगत नाही. त्यामुळे दोन अगदी सारख्या प्रती एकाच पेशीत राहतात आणि असा मासा मोठा होऊ शकतो. बापाचं खरंच काही आलं नाही ना, हे तपासायला सोनेरी नावाचा फिका वाण कामी आला. सोनेरी मादी, पट्टेरी नर आणि पिल्लं सगळी फिकी, म्हणजे बापाचा वाटा शून्य.

हे सगळं १९८१ मध्ये नेचर या नियतकालिकात आलं. मासे पाळायला घेतल्यापासून दहाहून जास्त वर्षं गेली होती. तेवढ्या काळात विषाणूंवर किती शोधनिबंध झाले असते, विचार करा. आजच्या हिशेबी जगात त्यांना इतका वेळ कुणी दिला असता का, मला शंका वाटते.

प्रयोगशाळेबाहेरही गृहस्थ स्वस्थ बसणारे नव्हते. व्हिएतनाम युद्धाला त्यांचा विरोध होता, घरी शेळ्या पाळल्या होत्या. पत्नी लॉटे या कलाकार, युजीनचा शनिवारचा बाजार सुरू होण्यामागे त्याच होत्या.

ऑगस्ट १९८४ मध्ये स्कूबा डायव्हिंग करताना स्ट्रायसिंगर यांचं निधन झालं. वय ५६. पेरणी झाली होती, पीक अजून उभं राहायचं होतं. त्या वेळी झेब्राफिशवर जनुकशास्त्र करणारे लोक फार थोडे होते, सगळं तिथेच थांबलं असतं. पण स्ट्रायसिंगर मासे आणि माहिती हातचं न राखता वाटत असत, आणि त्यांचे शेजारी सहकारी चार्ल्स किमेल यांनी तो वसा पुढे नेला.

किमेल यांचं लक्ष पश्चमेंदूकडे होतं. डोक्याच्या मागच्या बाजूचा हा भाग श्वास, तोल, चेहऱ्याच्या हालचाली सांभाळतो. भ्रूणात तो उसाच्या कांड्यांसारखा सात खंडांत विभागलेला दिसतो. या खंडांना ऱ्हॉम्बोमिअर म्हणतात. चौथ्या खंडात दोन बाजूंना मॉथनर नावाच्या दोन मोठ्या चेतापेशी असतात. काचेवर टिचकी मारली की मासा झटकन वळून पळतो ना, ती आज्ञा प्रामुख्याने यांचीच.

१९९६ मध्ये युजीनच्या गटाने व्हॅलेंटिनो नावाचं जनुक जगापुढे ठेवलं. ते बिघडलं की पाचवा आणि सहावा खंड वेगळे होतच नाहीत. त्यांच्या जागी एकच आखूड, धड ना पाचवा धड ना सहावा असा पट्टा राहतो. कान तर या भागाच्या शेजारीच घडतो, तोही नीट होत नाही. पुढे लॅझरस हे जनुक सापडलं. त्याचं आणि त्याच्या जोडीच्या जनुकाचं काम पूर्ण बंद पाडलं तर दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे खंड आपली ओळख विसरतात आणि पहिल्यासारखेच होऊ लागतात. म्हणजे पहिल्या खंडाचं रूप हे मूळ कोरं रूप, आणि बाकीच्यांना वेगळेपण जनुकांनी दिलेलं! याच घराण्यातली जनुकं उंदरात आणि माणसातही आहेत.

त्याच वर्षी जर्मनीतल्या ट्युबिंगेन आणि अमेरिकेतल्या बोस्टन इथल्या गटांनी हजारो उत्परिवर्ती मासे शोधल्याचं जाहीर केलं. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशावर काम चालतं. आणि तो सोनेरी मासा? २००५ मध्ये त्याचं जनुक ओळखता आलं. तेच जनुक माणसाच्या त्वचेचा रंग ठरवण्यात भाग घेतं, आपल्या वर्गातल्या मुलांच्याही.