मुक्या घोड्याची कैफियत मांडणारी ॲना स्युएल

इंग्लंड देशातील नॉरफोक परगण्यात ग्रेट यार्मथ गावी ता. ३० मार्च १८२० रोजी ॲना स्युएल हिचा जन्म झाला. तिचे आईबाप क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे होते. मुक्या प्राण्यांशी दयेने वागावे, हे शिक्षण तिजला आईपासून लहानपणीच मिळाले.

चौदा वर्षांची असता ती पाय घसरून पडली. तिचे घोटे दुखावले ते कधीच पुरते बरे झाले नाहीत. चालणे कठीण झाल्यामुळे ती तट्टाची गाडी स्वतः हाकून हिंडत असे. ज्याच्या पायांवर आपले फिरणे अवलंबून आहे, त्या प्राण्याचे सुखदुःख ती बारकाईने पाहू लागली.

त्या काळी श्रीमंतांना गाडीच्या घोड्याची मान ताठ व उंच दिसणे आवडे. म्हणून एक आखूड वादी लावून त्याचे डोके वर जखडीत. त्यामुळे चढावर मान खाली घालून त्यास जोर लावता येत नसे. श्वास कोंडे आणि मान दुखे. तो चिडला म्हणजे खोडकर ठरून चाबूक खाई.

इ. स. १८७१ पासून ॲनाबाई अंथरुणास खिळली. त्याच स्थितीत तिने सहा वर्षे थोडे थोडे लिहून ‘ब्लॅक ब्यूटी’ हे पुस्तक पुरे केले. अशक्तपणामुळे तिने काही भाग तोंडाने सांगितला व आईने उतरून घेतला. त्यात घोडाच आपली जन्मकथा सांगतो. जिंजर नावाची घोडी चावरी, लाथाळ. पण तिचा स्वभाव दुष्ट नव्हे, लहानपणीच्या माराने व जाचाने ती तशी झाली आहे, हे वाचकास कळते. जेरी बार्कर हा गाडीवान मद्यास शिवत नाही व प्रभूचा दिवस पाळतो. त्यामुळे त्याच्या घोड्यांनाही विसावा मिळतो.

पुस्तक इ. स. १८७७ च्या नोव्हेंबरात निघाले, आणि ता. २५ एप्रिल १८७८ रोजी ॲनाबाई प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. त्या पुस्तकाने असंख्य वाचकांची मने द्रवली, व त्या वादीविरुद्ध लोकमत जागे झाले.

ॲनाबाईने जे नुसत्या डोळ्यांनी ओळखले, त्याचा आज पशुवैद्य शास्त्रीय रीतीने शोध करितात. स्वार पाठीवर असता घोडा कान मागे पाडतो, शेपूट झटकतो, तोंड वासतो, अडखळतो किंवा पुढे जाण्यास नाकारतो. अशा २४ लक्षणांची यादी इ. स. २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८ किंवा अधिक दिसली, तर घोड्यास बहुधा कोठे तरी दुखत असावे असे समजतात. मग खोगीर, लगाम, पाठ व पाय तपासणे हे धन्याचे काम होय.

प्रिय वाचकहो, आपले जनावर अडले तर हात उगारण्यापूर्वी त्याच्या खांद्यावर व खुरांवर एकवार दृष्टी टाका. त्यास बोलता येत नाही. परंतु त्याचा उत्पन्नकर्ता त्याचे कण्हणे ऐकतो.