साने गुरुजींनी शिकविलेला देव

देव कोठे आहे, हा प्रश्न लहान मुले वडीलधाऱ्यांना नेहमी विचारतात. आपल्या सर्वण गावात देवळाकडे बोट दाखविले की उत्तर झाले असे वाटते. साने गुरुजींनी मात्र या प्रश्नाचे उत्तर आचरणाने दिले. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घरी गरिबी होती. परंतु आई यशोदाबाईंनी संस्कारांत उणीव पडू दिली नाही. एकदा अस्पृश्य मानलेल्या एका वृद्धेची लाकडांची मोळी वाटेत पडली. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता आईने मुलाला ती उचलून देण्यास पाठविले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात हा प्रसंग आला आहे.

१९२४ साली गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांच्या खोल्या ते झाडीत, कपड्यांच्या घड्या घालीत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. आम्ही शिक्षक मुलांकडून रोज प्रार्थना म्हणवून घेतो. गुरुजी ती मुलांसमोर जगत होते. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली.

या शिकवणीची खरी कसोटी पंढरपूरला लागली. अस्पृश्य मानलेल्या भाविकांना विठ्ठलमंदिराचे दार बंद होते. ते उघडावे म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. अनेक आप्तेष्टांना त्यांच्या प्राणांची चिंता लागली. पण ते ढळले नाहीत. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाल्यावरच त्यांनी उपोषण सोडले. बालपणी उचललेल्या मोळीचा अर्थ त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळला.

११ जून १९५० रोजी गुरुजींचे देहावसान झाले.

विद्यार्थीमित्रहो, आपल्या तालुक्यात साखळीनजीक विठ्ठलापूर येथे विठ्ठलाचे देवालय आहे. तेथे हात जोडाल तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडेही आदराने पाहा. माणसाला दूर लोटून देवाजवळ जाता येत नाही, हाच गुरुजींच्या जीवनाचा धडा आहे.