सिनेटची कोंडी फोडणारा विरोधी पक्षनेता

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना हॉटेल, उपाहारगृह, चित्रपटगृहात समान प्रवेश आणि नोकरीत समान संधी देणारा १९६४चा नागरी हक्क कायदा म्हटला, की अध्यक्ष लिंडन जॉन्सन आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची नावे पुढे येतात. सिनेटमध्ये ज्यांच्यावाचून तो अडकून पडला असता, ते एव्हरेट डर्कसन सत्ताधारी पक्षाचे नव्हतेच. सिनेटमधील अल्पमतातल्या रिपब्लिकन पक्षाचे ते नेते होते.

४ जानेवारी १८९६ रोजी इलिनॉय राज्यातील पेकिन या गावी, जर्मनीतून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करात सेवा केली. १९३३ पासून १६ वर्षे ते प्रतिनिधिगृहात होते. डोळ्यांच्या दुखण्यामुळे राजकारण सोडावे लागलेल्या डर्कसन यांनी १९५० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या सिनेटमधील नेत्यालाच पराभूत करून पुनरागमन केले. १९५४ मध्ये मॅकार्थी यांच्या निषेधाच्या ठरावाविरुद्ध मत देणारे हे कट्टर परंपरावादी गृहस्थ दहा वर्षांनी समेटाचे सूत्रधार होतील, असे तेव्हा कुणी म्हटले असते तर हसे झाले असते.

प्रतिनिधिगृहाने फेब्रुवारी १९६४ मध्ये २९० विरुद्ध १३० मतांनी विधेयक संमत केले. खरी अडचण सिनेटमध्ये होती. तेथे चर्चा कितीही लांबवता येई आणि ती थांबवण्यासाठी दोनतृतीयांश, म्हणजे ६७ मते लागत. डेमोक्रॅटिक सदस्य नेमके ६७ होते. पण दक्षिणेकडील राज्यांतले त्यांचेच सदस्य विधेयकाचे कडवे विरोधक होते. मार्चअखेरीपासून त्यांनी भाषणांवर भाषणे सुरू ठेवली. नागरी हक्कांच्या विधेयकावरील असा अडथळा सिनेटला तोवर एकदाही मोडता आला नव्हता.

सत्ताधाऱ्यांना आता विरोधी पक्षाच्याच दारी जाणे भाग होते. ह्युबर्ट हम्फ्री आणि अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांच्या पक्षाशी डर्कसन यांच्या कार्यालयात कलमाकलमावर वाटाघाटी झाल्या. खासगी व्यावसायिकांवर सरकारने बंधने घालणे डर्कसन यांना मुळातच रुचत नव्हते. नोकरीतील भेदभावाच्या तक्रारींत राज्यांच्या यंत्रणेला पहिली संधी मिळावी आणि भेदभाव सर्रास चालतो तेथेच केंद्राने न्यायालयात जावे, असे बदल त्यांनी करून घेतले. विधेयकाचा गाभा मात्र शाबूत राहिला. श्रेय विरोधकांना देण्याचा हम्फ्री यांचा मोठेपणाही येथे कामी आला, हे नोंदवायला हवे.

१० जूनच्या सकाळी रॉबर्ट बर्ड यांचे १४ तास १३ मिनिटांचे भाषण संपले. शंभरही सदस्य हजर होते. मेंदूच्या गाठीमुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल चाकांच्या खुर्चीतून आले आणि डोळ्याकडे बोट दाखवून त्यांनी होकार नोंदवला. चर्चा थांबवण्याचा प्रस्ताव ७१ विरुद्ध २९ असा संमत झाला. त्या ७१ मध्ये रिपब्लिकन २७ होते. २ जुलैला जॉन्सन यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली.

विधेयकाविरुद्ध मत देणाऱ्या सहा रिपब्लिकनांत बॅरी गोल्डवॉटर होते. त्याच जुलैत पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी त्यांचे नाव मांडले ते डर्कसन यांनीच. पक्षनिष्ठा त्यांनी कधी सोडली नाही. १९६५ चा मतदान हक्क कायदा त्यांच्या सहभागाने मार्गी लागला. १९६६ मध्ये घरांच्या विक्रीतील व भाड्यातील भेदभावाविरुद्धच्या विधेयकाला मात्र त्यांनी विरोध केला आणि ते बारगळले. दोन वर्षांनी त्यांनी भूमिका बदलली, तेव्हा तोही कायदा झाला. एका माणसाच्या होकार-नकारावर इतके अवलंबून असावे, हे लोकशाहीच्या दृष्टीने फारसे सुखावह नाही.

भरदार आवाजाच्या या वक्त्याच्या ध्वनिमुद्रिकेला १९६८ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. एक हट्ट मात्र अपुराच राहिला. झेंडूला अमेरिकेचे राष्ट्रीय फूल करावे, यासाठी त्यांनी सिनेटमध्ये पुनःपुन्हा प्रस्ताव आणले. ७ सप्टेंबर १९६९ रोजी ते निवर्तले, तोवर त्याला मंजुरी मिळाली नव्हती. राष्ट्रीय फुलाचा तो मान पुढे १९८६ मध्ये गुलाबाला गेला.