न्यायनिष्ठ बिशप बार्तोलोमे दे लास कासास

अन्यायाचें धन घरांत ठेवून देवाची क्षमा मागतां येत नाहीं, हें ज्यांनीं आचरून दाखविलें, त्या बिशप लास कासास यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. १४८४ सालीं स्पेनांतील सेव्हिल शहरीं जन्मलेले लास कासास १५०२ सालीं हिस्पानिओला बेटावर गेले. धर्मगुरु झाल्यावरहि क्यूबांत त्यांच्या पदरीं वेठीस धरलेले इंडियन लोक होते. १५१४ सालीं पेन्तेकोस्तच्या प्रवचनाची तयारी करीत असतां, अन्यायाच्या धनाचें अर्पण देवाला मान्य नाहीं, हा बेनसिराच्या ग्रंथांतील बोध त्यांना झोंबला. त्यांनीं त्या लोकांवरील आपला हक्क सोडला. पुढें ते दोमिनिकन संघांत शिरले. १५४२ सालीं स्पेनच्या राजानें इंडियनांच्या रक्षणार्थ नवे कायदे केले, त्यांत त्यांच्या खटपटीचा मोठा वांटा होता.

चियापासचे बिशप या नात्यानें १५४५ सालीं त्यांनीं हुकूम काढिला कीं, इंडियनांना मुक्त करून लुबाडलेलें परत केल्यावांचून धन्यांना पापक्षमा देऊं नये. धनी खवळले, १५४७ सालीं बिशप स्पेनला परतले. एकेकाळीं आफ्रिकेंतील गुलाम आणण्याची सूचना त्यांनींच केली होती. तीहि अन्यायाची, असें पुढें त्यांनीं खेदानें लिहून ठेविलें. १५६६ सालीं माद्रिद येथें ते निवर्तले.

मजुराची अडविलेली मजुरी, शेजाऱ्याची बळकावलेली जमीन परत केल्यावांचून आमचा पापांगीकार तरी पुरा कसा व्हावा?