थंड उजेडाचा धनी

कोयनानगरात आमच्या शेजारी धरणावरून निवृत्त झालेले एक वायरमन राहतात. त्यांच्याकडे पाणबुड्याची एक जुनी बॅटरी आहे. जाड काच, धातूचे कवच आणि आत तारेचा बल्ब. गेल्या महिन्यात त्यांनी बल्ब काढून तिथे एलईडी बसवला. काम दिसायला सोपे, पण खाचाखोचांचे. पाणी अडवणारी रबरी रिंग जपायची, एलईडीमागे ॲल्युमिनियमची चकती देऊन उष्णता कवचाकडे न्यायची, वीज बेताने सोडणारे छोटे सर्किट मध्ये घालायचे. जुन्या बल्बमध्ये तार तापून लाल-पांढरी होते तेव्हा उजेड पडतो आणि सेलमधली बहुतेक शक्ती उष्णतेतच जाते. एलईडीही थोडा तापतो, पण त्याचा उजेड तापण्यातून येत नाही, स्फटिकातून येतो.

हा फरक ज्याने प्रथम नीट ओळखला, त्याचे नाव ओलेग लोसेव्ह. विज्ञानाच्या इतिहासात आज ते मानाने घेतले जाते. हयातीत मात्र या गृहस्थाच्या वाट्याला फारसे काही आले नाही.

रशियातल्या त्वेर गावी १९०३ साली त्याचा जन्म झाला. वडील रेल्वे डब्यांच्या कारखान्यात कारकून. शाळकरी वयात त्याने बिनतारी संदेशावरचे एक व्याख्यान ऐकले आणि पोराला वेडच लागले. क्रांतीनंतरचे दिवस, खायची भ्रांत. १९२० साली तो निझ्नी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत गेला तो निरोप्या म्हणून. दिवसा निरोप पोचवायचे, रात्री स्फटिकांशी खेळायचे. १९२२ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, त्याने साध्या स्फटिकाकडून रेडिओलहरी निर्माण करून घेतल्या. दोन वर्षांत अमेरिकेतल्या रेडिओ-मासिकांतून त्याचा गाजावाजा झाला.

याच खटाटोपात त्याला कार्बोरंडमच्या खड्यावर, सुई टेकते तिथे, मंद उजेड दिसला. कार्बोरंडम म्हणजे आपल्याकडे सुरी-कात्रीला धार लावायच्या चाकात असते ते. तसे पाहिले तर १९०७ साली मार्कोनीचे सहकारी राऊंड यांनाही तो दिसला होता, पण त्यांनी चार ओळी छापल्या आणि विषय सोडला. लोसेव्हने सोडला नाही. हा उजेड उष्णतेचा तर नाही? त्याने उजळलेल्या जागी बेंझीनचा थेंब ठेवला. इतर ठिकाणी उडून जायला जेवढा वेळ लागे, तेवढाच तिथेही लागला. उजेड थंड होता! मला स्वतःला या माणसाच्या साऱ्या कामात हा थेंब सर्वांत आवडतो. हजार रुपयांचे यंत्र जे सांगेल ते त्याने फुकटात विचारून घेतले.

१९२७ साली त्याने हे सारे छापले, आणि विजेच्या इशाऱ्यावर झटपट उघडझाप करणाऱ्या दिव्याचे पेटंटही मागितले. बँकेत आम्ही रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली याला फार जपत असू. लोसेव्हची ही रक्कम जगाने कितीतरी वर्षे जमाच केली नाही. १९६२ साल आम्हा कोयनावासीयांना पाठ आहे, कारण त्या साली इथली वीज सुरू झाली. त्याच साली अमेरिकेत होलोन्याक यांनी लाल एलईडी उजळला आणि पुष्कळांनी इतिहास तिथूनच मोजायला घेतला.

निझ्नीची प्रयोगशाळा मोडल्यावर लोसेव्ह लेनिनग्राडला आला. कॉलेजची पदवी नव्हती, त्यामुळे नोकरीत स्थैर्य नव्हते. १९३७ पासून तो एका वैद्यकीय संस्थेत भौतिकशास्त्र शिकवू लागला. १९३८ साली प्रबंध न मागता त्याला संशोधनाची पदवी देण्यात आली. एवढा मान मात्र मिळाला.

१९४१ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला. लोसेव्ह शहर सोडून गेला नाही. जखमींच्या अंगात रुतलेल्या गोळ्या शोधणारे एक उपकरण त्याने त्या दिवसांत तयार केले. पावाचा तुकडा तोळामाशाने मिळत होता. २२ जानेवारी १९४२ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो उपासमारीने गेला.

शेवटच्या दिवसांत तो सिलिकॉनवर काम करत होता. त्यावरचा लेख त्याने छापायला धाडला, पण तो वेढ्यात कुठे गेला ते कळले नाही. कार्बोरंडममधल्या उजेडाचे नेमके कारण अमेरिकेत लेहोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, ते १९५१ साली.